गाडी काय करत नाही ते लिही

अमरावती
२४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय डोमामामा,
सप्रेम जयभीम.

फोन करून उपयोग नाही, तुम्हाला ऐकू येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवावं तर मोबाइल मामीच्या ताब्यात, आणि तुमचं तर ठरलेलंच आहे की कागदावर नाही ते काम नाही. म्हणून पोस्टाचं तिकीट चिकटवून पाठवते आहे. मी पॉलिटेक्निकला शिकवते मामा, पोरांना कळलं तर वर्गात हसतील.

विषय आपली लाल गाडी. डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यात नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडलेली, दोन सीटची, बसकी, छप्पर मागे सरकणारी. मागच्या डिसेंबरात मी पगारातून ती घेतली तेव्हा अख्ख्या घरात तुम्ही एकटे माझ्या बाजूने होता. जानेवारीत अकोल्याला आणली, तुम्ही तिचं ऑइल बदलून दिलं, आणि फेब्रुवारीत आमच्या मोटर क्लबच्या चिखलदऱ्याच्या चढाईत मी नाव दिलं. तिथे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. इंजिन तापलं, गाडी टेम्पोवर परत आली.

आता बाबांनी अट घातली आहे. यंदा ८ फेब्रुवारीला पुन्हा चढाई आहे. त्यात गाडी नीट वर जाऊन नीट खाली आली तर पोर्चमध्ये राहील. नाहीतर मार्चमध्ये विकायची, गिऱ्हाईकसुद्धा त्यांनी पाहून ठेवलंय. मामा, मी ही गाडी विकणार नाही म्हणजे नाही.

साठ हजार बाजूला टाकलेत. यादी केली आहे: रुंद अलॉय चाकं, मोठा सायलेन्सर, मागे पंख, इंजिनची ताकद वाढवायला टर्बो (जमला तर), बाहेरचे दोन्ही आरसे नवे. यातलं काय आधी आणि काय नंतर, तेवढं सांगा. मामीला जयभीम.

तुमची
दीक्षा


अकोला, जठारपेठ
१ डिसेंबर २०२५

दीक्षा पोरी,
जयभीम.

तुही यादी वाचली. तुह्या मामीले, सुंदराबाईलेही वाचून दाखवली. ते म्हने, गाडीचं लगन हाय का? मी हासलो नाई, मले राग आला.

अडोतीस वर्सं एसटीच्या डेपोत काढली म्या. एकाही ड्रायव्हरनं मले कधी 'बसले पंख लावा' असं नाई म्हटलं. डेपोचा आपला एक कायदा होता. ड्रायव्हर रातच्याले बस लावे, अन् तक्रारवहीत सोताच्या हातानं दोष लिहे. लिहिलं नाई त त्या बसले मी पाना लावत नव्हतो. तोंडी सांगनाऱ्याले वापस पाठवो. मोठे साहेब आले तरी तेच. त्याच्यानं डेपोत कोनाचं भांडन नाई झालं माह्यासंग.

म्हनून सोबत चाळीस पानाची वही पाठवतो. तीन रकाने आखले हायत. तारीख, दोष, अन् दुरुस्ती करनाराची सही. तुले काय लावायचं हाय ते नको लिहू. गाडी काय करत नाई ते लिही. किलोमीटरचा आकडा बी लिहिजो.

टर्बोचं नाव पुन्हा काढू नको. त्या इंजिनाच्या वयाले टर्बो म्हनजे म्हाताऱ्याले कुस्तीत उतरवनं हाय. अन् जोवर मी सांगत नाई तोवर एक रुपया खर्च करू नको.

डोमामामा


अमरावती
७ डिसेंबर २०२५

आदरणीय मामा,

वही मिळाली. भरून परत पाठवते आहे. दोष एक: चढावर इंजिन तापतं. दोष दोन: पिकअप कमी. किलोमीटर ६१,३९६. बाकी गाडी छान आहे, अधूनमधून काढते, कॉलेजलाही नेते.

आता रागावू नका. तुमचं पत्र यायच्या दोन दिवस आधी मी चाकं घेतली. दिवाळीनंतरची सवलत संपत होती हो! सायलेन्सरही बसवला. दोन्ही मिळून एकतीस हजार गेले. पण मामा, गाडी काय दिसते! आवाज तर असा की गल्लीतली कुत्री आधी पळाली आणि मग परत येऊन भुंकली. बाबा दारातून म्हणाले, "हे काय आणखी?" आणि आत निघून गेले.

एकच बारीक अडचण आहे. पूर्ण वळवली की पुढचं चाक मडगार्डला घासतं. तेवढं ठोकून सरळ करता येईल ना?

उरलेल्या एकोणतीस हजारांत रेडिएटर मोठा करू का?

दीक्षा


अकोला
१३ डिसेंबर २०२५

दीक्षा,

नाकापेक्षा मोती जड म्हनतात ते हेच. रुंद चाक म्हनजे जड चाक. तुह्या त्या इवल्याशा इंजिनाले ते फिरवाले जादा जोर लागते, अन् थांबवाले ब्रेकले बी जादा जोर लागते. पैसे देऊन तू गाडी हळू केली. मडगार्ड ठोकू नको. चाकं वापस कर, भाव पडून भेटला तरी वापस कर. सायलेन्सरचं मी काही बोलत नाई, मले तसं बी ऐकू येत नाई.

आता दुसरं. म्या माही जुनी वही काढली. जानेवारीत ऑइल बदललं तवा आकडा ६१,२०० होता. आता ६१,३९६. म्हनजे एकशे शहान्नव चालली. अकोल्यावरून अमरावती शंभर. अमरावतीवरून परतवाडा धरून चिखलदरा पंच्याऐंशी. उरले अकरा.

इंजिन चढावर तापलं असतं त गाडी अर्ध्यातच थांबली असती, वर पोचलीच नसती. अन् दहा महिन्यात अकरा किलोमीटर चालनारी गाडी कॉलेजले कोनत्या रस्त्यानं जाते? मले त शंका हाय का त्या अकरातले बी काही घाटातलेच असतीन.

अन् आरसे. जानेवारीत दोनी आरसे म्या सोता फडक्यानं पुसले होते, नवे होते. मंग यादीत आरसे काहून?

पोरी, मी तुह्या मायचा भाऊ हाय. तू पायन्यात होती तवापासून तुले पाहून राहिलो. मले वाटते तिथं कोनी पोरगं असन, त्याले दाखवाले तू ह्या चाकाच्या अन् आवाजाच्या मांगं लागली. तसं असन त तसं सांग, मी काही तुह्या बापाले सांगत नाई. पन खोटा दोष लिहू नको. वही वापस पाठवतो. खरा लिही.

डोमामामा


अमरावती
२९ डिसेंबर २०२५

मामा,

सोळा दिवस लागले. पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

पोरगं-बिरगं कोणी नाही. असतं तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत गाडी वर गेली. चांगली गेली, मी बारापैकी सातवी होते. हे कोणालाच सांगितलं नाही कारण पुढचं सांगावं लागलं असतं. वर चहा प्यायलो आणि सगळे एकामागे एक उतरायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. मग एका वळणावर दाबलं तर सरळ खाली गेलं, जमिनीला टेकलं. मामा, खाली काहीच नव्हतं हो! दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. उजवीकडे कठडा आणि त्याच्यापलीकडे दरी. मी हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला आणि गाडी डावीकडे डोंगराच्या अंगाला घासत नेली. आरसा तुटला, दार घासलं, गाडी थांबली. मी उतरले आणि रस्त्यावर बसले.

क्लबचे सेक्रेटरी श्यामभाऊ मागून आले. अर्ध्या तासाने त्यांनी पेडल दाबून पाहिलं तर चांगलं कडक! म्हणाले, "ताई, ब्रेक तर ठणठणीत आहेत. तुमचाच पाय चुकला. उतारभर ब्रेकवर पाय ठेवून बसल्या असाल." चारचौघं हसली. मीसुद्धा पेडल दाबून पाहिलं, खरंच कडक होतं. मग मला वाटलं, चुकलाच असेल पाय. टेम्पो बोलावला. घरी सांगितलं इंजिन तापलं.

त्या दिवसापासून मी गाडी चालवली नाही. पाच-सहा वेळा काढली. चौकापर्यंत जाते, पेडलवर पाय ठेवला की घाम फुटतो, वळवून परत आणते. चाकं आणि सायलेन्सर का घेतले माहीत आहे? वाटलं, गाडी रुबाबदार दिसली की माझी भीती जाईल. गेली नाही. आवाजाने आणखी वाढली.

चाकं परत केली, आठ हजारांचा फटका बसला. सायलेन्सर त्याने घेतला नाही, माळ्यावर टाकलाय. जुना परत लावला.

वहीत खरा दोष लिहिला आहे. आधीच्या दोन ओळी मी खोडल्या. आता एकच ओळ आहे: "ड्रायव्हर घाबरते."

याला काही दुरुस्ती असेल तर सांगा. नसेल तर बाबांना गिऱ्हाईक बोलावू देत.

दीक्षा


अकोला
२ जानेवारी २०२६

दीक्षा माय,

तुहा पाय चुकला नव्हता.

हे पयले वाच अन् दोनदा वाच. मंग पुढचं वाच.

ब्रेकचं ऑइल हवेतलं पानी पिते. गाडी चालो का उभी राहो, वर्साले थोडं थोडं पिते. नऊ वर्सं ताडपत्रीखाली उभ्या गाडीचं ऑइल म्हनजे अर्धं पानीच समज. घाटात ब्रेक तापले का ते पानी उकळते, नळीत वाफ होते, अन् वाफेले दाबलं त ते दबते. चाकापर्यंत काहीच जात नाई. पेडल जमिनीले टेकते. अर्ध्या घंट्यानं थंड झालं का वाफेचं पानी होते अन् पेडल वापस कडक. तुह्या श्यामभाऊनं थंड पेडल दाबलं अन् न्यायनिवाडा करून मोकळा झाला. एका हातानं हँडब्रेक ओढून अन् गिअर टाकून डोंगराकडं गाडी नेनारी पोरगी, तिले हे लोक हासले. मले तिथं असाले पायजे होतं.

आता माहा दोष. जानेवारीत माह्या अंगनात ती गाडी दोन दिवस उभी होती. म्या बोनेट उघडलं. ब्रेकच्या ऑइलचं झाकन बी उघडून पाह्यलं, भरून होतं, पन काया चहावानी झालं होतं. माह्या डोयानं पाह्यलं म्या ते. अन् झाकन लावून टाकलं. काहून? त तुह्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'इंजिन ऑइल बदली करा.' ब्रेकचं लिहिलं नव्हतं. डेपोचा कायदा! ड्रायव्हरनं लिहिलं नाई त हात लावायचा नाई. डेपोत ड्रायव्हर तीस तीस वर्साचे मुरलेले होते, त्याईले काय लिहायचं ते समजे. तू त गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते. तुले काय माहीत ब्रेकले बी ऑइल रायते म्हनून? अडोतीस वर्सं ज्या कायद्याचा मी ताठा मिरवला त्याच कायद्यानं मी माह्या भाचीले घाटात सोडली.

सुंदराबाईले सांगितलं. तिनं पिशवी आनून माह्यापुढं टाकली. मंग म्हने, 'रडत बसू नका, पाने भरा पिशवीत.'

तू गाडी हालवू नको. इथंही आनू नको. अकरा तारखेच्या रविवारी आमी दोघं सकायच्या बसनं येतो. ब्रेकचं सामान मी आनतो, पुढच्या चाकाचे पॅड, चारी नळ्या अन् ऑइल. त्याचे पैसे मी घेनार नाई, हे माहं सामान हाय. तू चार टायर पाहून ठेव. कंपनीच्याच मापाचे, पन चांगले, नवे. टायर अन् ब्रेक, ह्या दोन गोष्टी सोडून जुन्या गाडीले काही लावायचं म्हनजे वरून कीर्तन अन् आतून तमाशा.

वहीत म्या एक चौथा रकाना आखला. 'ड्रायव्हरनं न लिहिलेलं.' तो आजपासून मी भरनार.

तुहा मामा


अमरावती
१९ जानेवारी २०२६

आदरणीय मामा,
जयभीम.

अकरा तारखेला ब्रेकचं काम आटोपून तुम्ही आणि मामी बसमध्ये बसलात आणि बाबा पोर्चमध्ये उभे राहून म्हणाले, "तुझ्या मामाच्या मनगटाला सुतळी बांधली होती ती कशाला?" त्यांना सांगितलं, नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. मामी पेडल दाबून धरते, तुम्ही चाकापाशी नट सोडता. तुम्हाला 'दाबलं' ऐकू येत नाही, म्हणून मामी सुतळीला झटका देते. एक झटका दाबलं, दोन झटके सोडलं. बाबा म्हणाले, "चाळीस वर्षांचा संसार असाच चाललाय वाटतं." मामीला सांगू नका. नाहीतर सांगाच.

बाबांना मी घाटातलं सगळं सांगितलं. त्यांनी घासलेलं दार जाऊन पाहिलं. मग म्हणाले, अट रद्द, गाडी विकू नको, पण घाटातही जाऊ नको. मी म्हटलं, नाही बाबा. अट तुमची होती, आता ती माझी आहे.

टायर बसवले. मागच्या दांडीचे झिजलेले रबरी बुश बदलले. तुम्ही चौथ्या रकान्यात लिहिलं होतं म्हणून सीटबेल्टही नवे घेतले. सगळं धरून अजून सात हजार शिल्लक आहेत. ते तुम्ही सांगितल्याप्रमाणे पेट्रोलला. खरं सांगू, यादी लिहिली तेव्हा पेट्रोल माझ्या डोक्यातच नव्हतं.

रोज सकाळी सहाला काढते. पहिल्या दिवशी राजापेठच्या उड्डाणपुलावर चढले आणि उतरताना पाय ब्रेकवरून निघेना. आठ वेळा गेले. चहावाला म्हणाला, "म्याडम, काही हरवलं का पुलावर?" काल परतवाड्यापर्यंत जाऊन आले. घाट लांबून दिसला, तिथूनच वळले.

आठ तारखेला तुम्ही या ना. उतरताना माझ्या शेजारच्या सीटवर बसा. तुम्ही असलात की मी बिनधास्त उतरेन.

तुमची
दीक्षा


अकोला
२७ जानेवारी २०२६

दीक्षा पोरी,

मी येनार नाई.

मेकॅनिक बाजूले बसला का ड्रायव्हर मेकॅनिकच्या भरवशावर चालवते. तुले ब्रेकच्या भरवशावर बी नाई अन् माह्या भरवशावर बी नाई, सोताच्या भरवशावर उतरायचं हाय. लय वाटते यावं म्हनून. सुंदराबाईनं त दशम्या बी ठरवून ठेवल्या होत्या. पन नाई.

एक ध्यानात ठेव. ज्या गिअरात चढली त्याच गिअरात उतर. गाडीले इंजिननं आवर, ब्रेक फक्त वळनाच्या आधी मार अन् सोड. पाय ठेवून बसू नको. अन् जिथं घासली होती तिथं थांब. पळून जाऊ नको तिथून.

वही गाडीत ठेव. खाली आली का लिही.

डोमामामा


परतवाडा
८ फेब्रुवारी २०२६, दुपार

मामा,

टपरीवर बसून लिहिते आहे, टेबल डुगडुगतंय, अक्षर लावून वाचा.

चढताना नववी आले. मागच्या वेळेपेक्षा दोन नंबर मागे. श्यामभाऊ म्हणाले, "ताई, एवढा खर्च करून मागेच?" मी म्हटलं, "भाऊ, मी वर जायला आलेच नाही."

सगळ्यांना आधी जाऊ दिलं. शेवटी मी निघाले. दुसरा गिअर, इंजिन घूं-घूं करत गाडी धरून ठेवत होतं. वळणाआधी ब्रेक मारला, सोडला. मारला, सोडला. प्रत्येक वेळी पेडल कडक. तरी भीती होतीच हो, खोटं कशाला सांगू! मग ते वळण आलं. डोंगराच्या दगडावर लाल रंगाचा ओरखडा अजून आहे, आपल्याच गाडीचा. तिथे थांबले. उतरले. हात लावून पाहिला. दरीकडेही पाहिलं, कठड्यापाशी जाऊन. मला वाटलं होतं रडू येईल. भूक लागली. मामी आली असती तर दशम्या होत्या.

मग बसले आणि उरलेला घाट उतरले. खाली पोचेपर्यंत पेडल जसंच्या तसं. बाबा परतवाड्याच्या नाक्यावर उभे होते, सकाळपासून. मला म्हणाले होते घरीच थांबतो. गाडी दिसल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले, बस थांबवतात तसे. शेजारी बसले आणि बेल्ट लावला.

वहीत लिहिलं आहे: "डावं दार खुळखुळतं. बाकी दोष नाही." वही सोबत पाठवते.

दीक्षा


अकोला
१४ फेब्रुवारी २०२६

दीक्षा माय,
जयभीम.

वही भेटली. तुहं पत्र सुंदराबाईनं दोनदा वाचलं, मंग चष्मा पुसत सैपाकघरात गेली. दशम्यांचं तिले लागलं. पुढच्या रविवारी तू अन् तुहा बाप, दोघंही गाडी घेऊन या. दाराची बिजागरी मी नीट करतो.

काल रिकामा होतो म्हनून वही सुरवातीपासून तपासली. ब्रेकचं ऑइल, नळ्या, पॅड, हे चौथ्या रकान्यात हाय, माही सही केली. टायर, बुश अन् बेल्टपुढं तुही सही हाय. पन एकोनतीस डिसेंबरची एक ओळ तशीच पडून हाय. 'ड्रायव्हर घाबरते.' त्याच्यापुढं कोनाचीच सही नाई.

म्या पेन उचलला होता. मंग ठेवून देल्ला. डेपोचा तेवढा एक कायदा मी अजून मोडला नाई. ज्यानं दुरुस्ती केली त्यानंच सही करायची. ते काम माहं नाई.

वही वापस पाठवतो. सही कर अन् घेऊन ये.

तुहा मामा
डोमाजी